कौलं उतरवलेलं घर

कल्याणच्या शाळेत मी मास्तर होतो. आमचा बिगारीचा वर्ग, म्हणजे पाच-सहा वर्षांची नाक ओढणारी फौज, भाताच्या वखारीमागच्या पडवीत भरत असे. अंधार इतका की धूळपाटीवर पोरानं काय गिरवलंय ते वाकल्याशिवाय दिसायचं नाही. कोंडा नाकातोंडात जाई, दिवसभर खोकला चाले. शाळाकमिटीला सांगून सांगून माझी जीभ झिजली. कमिटी 'बघू' म्हणे. बघायला मात्र कोणी आलं नाही.

मग गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आमच्या एकुलत्या मुलाला ताप चढला तशी हिनं, माझ्या कुटुंबानं, वारा लागू नये म्हणून माजघरातली एकच खिडकी लावून घेतली. कुठलीही आई तेच करते. मुलगा गेला. त्या दसऱ्याला तो बिगारीत बसायचा होता. सरकारी माणसांनी घराला चुना मारला, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली आणि आम्हां दोघांना गावाबाहेर झोपडीत पाठवलं. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, मास्तर धीराचे. कसला डोंबलाचा धीर! आतून सगळं बधिर झालं होतं.

साथ ओसरल्यावर मी एकटाच घर बघायला गेलो. भर दुपारी दिवा लावावा लागे त्या माजघरात लख्ख ऊन पडलं होतं. मनात पहिला विचार आला तो हा, की इथं बिगारी बसेल. त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

कमिटीपुढं उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "अहो मास्तर, ओनामा गिरवायला स्वतंत्र इमारत कशाला? वखार काय वाईट आहे?"

"लहान मूल अंधारात, कोंदट हवेत कोंडलं की मोठ्यांच्या आधी तेच आजारी पडतं," मी म्हटलं. "आमच्या घराला खाडीकडून वारा आहे. मोठ्या खिडक्या पाडा, छपरात काचेची कौलं बसवा. शिकणं मागाहून होईल, आधी पोरं धड राहू देत."

"पण त्या घरात..." एक सभासद बोलता बोलता थांबले. सगळे टेबलावरच्या दौतीकडं बघू लागले.

"माझा मुलगा गेला," मी म्हटलं.

"मग आपलं मूल तिथं कोण पाठवील?"

"तो असता तर मी पाठवलं असतं."

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. कमिटीनं घर घ्यायचं ठरवलं. मुद्दे पटले, की माझ्या तोंडाकडं बघवेना, देव जाणे.

झोपडीत परतलो तर ही तांदूळ निवडत बसली होती. मुलगा गेल्यापासून ती कामापुरतंच बोले. तिनं हो म्हटल्याशिवाय मी घर देणार नव्हतो. पण तिला कसं विचारावं ते सुचेना, म्हणून कमिटीला सांगितलं तेच सगळं सांगितलं. उजेड, वारा, कोंदट हवा.

सुपातला तिचा हात थांबला.

"अहो, मग मी खिडकी लावून घेतली होती, ती...?"

मी काय बोलून बसलो ते तेव्हा लक्षात आलं आणि भीती वाटली. कितीतरी दिवसांनी मला काही जाणवलं ते हे.

"छे गं! तसं काही नसतं," मी घाईघाईनं म्हटलं. "वाऱ्यानं काय होतंय? कमिटीच्या गळी उतरवायचं म्हणून दिलं काहीतरी ठोकून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझं खोटं तिला कधी कळलं नाही असं आजवर झालेलं नाही.

"द्या घर," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी उठून बाहेर निघालो, तशी मान वर न करता म्हणाली, "खिडक्या मोठ्या पाडायला सांगा. आणि झडपा बसवू देऊ नका त्यांना."

मी दाराशीच खाली बसलो आणि रडलो.