रॉकेलच्या डब्यातली ओली माती

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा दारासमोर हिरवं पानसुद्धा नाही, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. माहेरी परसात चार झाडं तरी होती. इथं गिरणीजवळ ओळीनं आठ खोल्या, वर पत्रा आणि समोर अरुंद फरशीचा ओटा. माती नव्हतीच.

एकदा रॉकेलचा डबा बुडाशी गंजून गळायला लागला. सासूबाई तो टाकून द्यायला निघाल्या, तो मी मागून घेतला. यजमानांनी छिन्नीनं त्याचं तोंड कापलं आणि धारदार कडा हातोडीनं आत वळवून दिली. मी खिळ्यानं बुडाला भोकं पाडली, तळाशी फुटक्या माठाच्या खापऱ्या पसरल्या, बाहेरून आणलेल्या काळ्या मातीत राख आणि शेणखत कालवून भरलं आणि धणे पेरले. मग नादच लागला. गळकी बादली, बूड फाटलेलं घमेलं, बिजागरी गेलेली पत्र्याची पेटी, सगळं ओट्यावर आलं. पुदिना लागला, कढीपत्ता लागला, मोगरा लागला.

"डब्यात कुटं शेती होती व्हय?" सासूबाई म्हणाल्या. पण आमटीवर घरची कोथिंबीर पडली, तशा गप्प झाल्या.

उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या नळाला पाणी जेमतेम यायला लागलं. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी मी झाडांना घालायची, तेही पुरेना. मोगऱ्यानं मान टाकली. आणि एक दिवस दुपारी झोपून उठले, बघते तर सगळ्या डब्यांतली माती ओली.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी घातलं नव्हतं. यजमान तर गिरणीत होते. जिथं एका घागरीवरून बायका झिंज्या धरतात, तिथं आमच्या झाडांना फुकट पाणी कोण घालणार?

चार दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला घमेल्याच्या काठावर लालसर डाग होता आणि मातीत लाल सुताचे दोन तुकडे. पुदिना काळा पडून जळाला होता.

मला तेव्हा चौथा महिना होता. सासूबाईंनी ते सूत बोटाला न लावता काडीनं उचललं. "ही करणी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पोटातल्यावर डोळा हाय कुणाचा तरी." त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि कोथिंबीर उपटून फेकली.

कुणाचा तरी म्हणजे कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही, पण दोघींची नजर शेजारच्या दाराकडेच गेली. तिथं तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब राहायचं. ते घरीच सूत रंगवायचे आणि मागावर लुगडी विणायचे. त्या बाईला मी अक्का म्हणायची. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. आदल्या आठवड्यापर्यंत मी तिच्याशी ओट्यावर बसून बोलत होते. आता ती हसली की मला वाटायचं, ही का हसली? माझ्या पोटाकडे का बघितलं? तिच्या मागाचा खटखटाट थांबला की मी कान टवकारायची.

पुन्हा चार दिवस भरले, तेव्हा मी झोपल्याचं सोंग केलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. भर दुपारी अक्का बादली घेऊन आली. इकडंतिकडं बघितलं. वाकून एकेका डब्यात तांब्यानं पाणी घातलं. पाणी फिकट गुलाबी होतं. मोगऱ्याचं एक पिवळं पान तिनं खुडलं आणि पुटपुटली काहीतरी.

मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. "काय टाकतेस माझ्या झाडांत?"

सासूबाई मागून आल्याच. अक्काच्या हातातला तांब्या खाली पडला.

"पाणीच की," ती म्हणाली. "सूत धुतलेलं. तिसरं पाणी, त्यात रंग लई नाय राहत. पुदिन्याला चुकून पयलं गेलं. ते माझं चुकलं."

"मग चोरून कशाला घालतेस?"

तिनं मनगट सोडवून घेतलं. "सांगून दिलं असतं तर घेतलं असतं तुमी? माझ्या हातचं पाणी?"

आमच्या घरात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. दिवाळीला तिनं दिलेले लाडूही सासूबाईंनी गाईला घातले होते. अक्काला ते ठाऊक असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

सासूबाईंनी वाकून त्या बादलीत बघितलं. "झाडास्नी चालंल," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी मनातलं सगळं मळभ गेलं असं म्हटलं, तर ते खोटं होईल. अक्का त्यानंतर उघडपणे पाणी घालायची, मी पुन्हा धणे पेरले, कोथिंबीर भरघोस आली. पण बाळंत होईपर्यंत मी त्या कोथिंबिरीची एक काडी तोंडात घातली नाही. मुलगी झाली, धडधाकट. तिला बघायला अक्का उंबऱ्याबाहेरूनच डोकावली. आत ये म्हणायला मला आणखी दोन महिने लागले. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात ती आपला रंगाचा मातीचा रांजण घेऊन आली. त्याला काठापासून चीर गेली होती. "मला पण मोगरा लावून दे," म्हणाली.

सासूबाईंनी रांजण पालथा घातला, आत हात फिरवला, वास घेतला. सासूबाईंचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण त्यांनी रांजण माझ्याकडे सरकवला आणि खिळा शोधायला घरात गेल्या.