वस्तऱ्याखालचं व्याकरण

आमच्या ह्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. तरी लेकीचा इंग्रजीचा अभ्यास हेच घ्यायचे.

पुढच्या खोलीत ह्यांचं सलून, मधे पडदा, मागे आमचा संसार. लेक इंग्रजीत दोनदा नापास झालेली. मी सांगूनच टाकलं होतं, पुन्हा आपटलीस तर शाळा बस्स झाली, मावशीकडे शिलाईच्या मशीनवर बसायचं. ह्यांनी मान डोलावली आणि रद्दीतून एक गाईड उचलून आणलं. त्यातली उत्तरांची पानं कुणीतरी आधीच फाडून नेलेली. मग उत्तरं विचारायची कुणाला? गिऱ्हाइकांना!

गालाला फेस लावायचा, वस्तरा गळ्याशी न्यायचा आणि म्हणायचं, "साहेब, 'स्लोली' म्हणजे अ‍ॅडव्हर्बच ना?" त्या अवस्थेत माणूस काय वाद घालणार? "हूं" म्हणाला की एक मत पडलं. बँकवाले, औषधवाले, हवालदारसुद्धा सुटले नाहीत. ज्याला जास्त मतं, ते उत्तर बरोबर. असा आमच्याकडे शब्दांच्या जातींचा निकाल लागायचा.

खरं दुखणं वेगळंच होतं. पोरीला येत सगळं होतं. पण समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की ही उत्तर फिरवायची. पेपरातही बरोबर लिहून खोडलेलं. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून दाखवलं, तेव्हा अशी तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या!

परीक्षेच्या आदल्या दिवशी वकीलसाहेब खुर्चीत होते. जुनं गिऱ्हाईक. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ह्यांनी त्यांना 'फ्रेंडली' विचारला.

"अ‍ॅडव्हर्ब. शेवटी 'ली' दिसत नाही का?"

"अ‍ॅडजेक्टिव्ह आहे तो," पडद्यामागून लेक म्हणाली.

वकील हसले. "दोनदा गटांगळी खाल्लेली पोर मला शिकवणार?"

ह्यांनी पडदा सारला आणि तिच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, झालं, आता ही फिरवणार.

"नक्की?" ह्यांनी विचारलं.

"नक्की. माणूस कसा आहे ते सांगतो तो शब्द. कितीही वेळा विचारा, बाबा."

हे वळले. "साहेब, पोरगी म्हणते तेच बरोबर."

वकिलांनी टॉवेलने फेस पुसला आणि अर्धी दाढी घेऊन चालते झाले. पुढच्या चौकात दुसरं सलून आहे.

मी तणतणले. "इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक घालवलंत! तुम्हाला काय कळतं हो, कोण बरोबर ते?"

"काही नाही," हे वस्तरा पुसत म्हणाले. "पण मी मुद्दाम आठ्या घालून बघत होतो तिच्याकडे. हलली नाही ती."

मला एकदम भरून आलं. पेपर अजून व्हायचा होता, निकाल तर लांबच. तरी मी तेव्हाच बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, मशीनवर दुसरी कुणीतरी बसव, आमची काही येत नाही.