मी घासलेली काहील

हातातलं काम ठेव गं जरा. फोन कानाला लावून नुसतं "हं आजी, हं" करत ऐकायची ही गोष्ट नाय. दिवाळीत आलीस, बुडालेल्या जहाजांचे व्हिडिओ बघत बसलेली मी तुला दिसले, तर म्हणालीस, "नुसतं बघतेस काय, शीक की!" माझ्या फोनवर सागरी पुरातत्त्वाचा तो ऑनलाइन वर्ग लावून दिलास आणि गेलीस पुण्याला. नंतर एकदा तरी विचारलंस का, आजी, कुठवर आलं? माणसाला रेल्वेत बसवून द्यायचं आणि उतरायचं कुठं ते सांगायचंच नाय, याला काय म्हणावं?

बरं, शिकले. आपल्या संभाजीनगरात, जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं बसून मी पाण्याखालच्या वस्तूंची मोजमापं शिकले. शिकवणारी बाई परदेशातली, डोक्यावर लोकरीची टोपी. ती इंग्रजीत बोलते आणि खाली मराठी अक्षरं पळतात. माझी शाळा चौथीपर्यंतची, मला त्या अक्षरांमागं पळवत नाय. मग थांबव, वहीत उतरव, पुढं चल. एका धड्याला माझे तीन दिवस जायचे. पहिली गोष्ट कळली ती ही, की वस्तूच्या शेजारून एक फीत ताणून बांधायची, ती हलू द्यायची नाय, आणि वस्तूचा प्रत्येक कोपरा त्या फितीपासून किती लांब ते मोजून कागदावर मांडायचं. सोपं वाटतं ना? पाण्यात करून बघ. मी आपल्या हौदात करून बघितलं. पाणी आलं त्या दिवशी तांब्या, खलबत्ता आणि तुझ्या आजोबांचा अडकित्ता तळाशी सोडला आणि वरून बांबूनं मोजायला लागले. तुझी आई आली. "आई, प्यायचं पाणी आहे हो ते! आठ दिवस पुरवायचंय!" मी म्हटलं, अडकित्ता धुऊन टाकलाय. दुसऱ्या दिवशी हौदाच्या झाकणाला कुलूप.

मग आला शेवटचा गृहपाठ. आपल्या भागातली एखादी जुनी होडी शोधा, मोजा, काढा, तिची हकीकत लिहा. झालं! आपल्याकडं कुठली होडी? मी चार दिवस नुसती घरात येरझाऱ्या घालत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. आणि मग बाईंचा एक जुना धडा परत ऐकला. माणसाला पाण्यावरून पलीकडं नेतं ते सगळं होडीच, असं ती म्हणत होती. ओंडका, हवा भरलेलं कातडं, मडकं, काहीही. मी तशीच उठले आणि लासूर स्टेशनला माझ्या भावाकडं फोन लावला.

तुला कधी सांगितलं नाय मी. लासूरच्या पुढं नदीकाठी माझं माहेर, तेव्हा पूल नव्हता. पावसाळ्यात नदी फुगली की गाव अडकायचं. आमच्याकडं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस आटवायची लोखंडी काहील, चांगली चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. पूर आला की दादा ती काहील नदीवर न्यायचा आणि माणसं पलीकडं घालायचा. अडलेली बाळंतीण, बाजाराची माणसं, एकदा तर वऱ्हाडातली नवरी. मीही तिच्यातूनच सासरी गेले, मांडीवर ट्रंक आणि डोळे गच्च मिटलेले.

फोनवर दादा म्हणाला, "ये लवकर. काहील चालली."

"कुठं चालली?"

"हुरड्याला."

माझ्या भाच्यानं, म्हणजे दादाच्या लेकानं, शेतावर हुरडा पार्टीचं काढलंय. शहरातली माणसं येणार, बाजेवर बसून हुरडा खाणार, बैलगाडीत फोटो काढणार. संक्रांतीला सुरू करायचं. काहील पालथी घालून फाटकाशी मांडायची, रंग द्यायचा आणि वर पाटी, 'जुन्या गुऱ्हाळाची काहील'. दादाचं म्हणणं, पाटीवर होडी लिही. भाचा हसला म्हणे. "आबा, गुळाच्या भांड्याला होडी म्हटलं तर लोक मलाच काहिलीत बसवून धाडतील." दादा पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. त्याच्याबरोबरची माणसं गेली. पलीकडं गेलेली जी आहेत त्यांना आठवत नाय, नाहीतर आठवायचं नाय. गावात त्याला तोंडावर सांगतात, आबा लई फेकतात. त्याला एवढंच पाहिजे, की मरायच्या आत कुणीतरी लिहून ठेवावं, ही होडी होती आणि ती मी चालवली. आणि लिहिणारी कोण, तर मी.

दुसऱ्याच दिवशी रेल्वेनं गेले. दादा दवाखान्यात डोळे दाखवायला गेला होता, भाचाही त्याच्याबरोबर. मी फीत, वही, पेन्सिली काढल्या आणि कडब्याच्या शेडात गेले. काहील पालथी पडलेली. बुडावर बोटभर काजळी, माती, चिमण्यांची घाण. आता मला सांग, फोटो परदेशात जाणार, ती टोपीवाली बाई बघणार. माहेरचं भांडं असं काळंकुट्ट दाखवायचं? मला कसंतरीच झालं. शेतावरच्या दोन बायांना हाक मारली. विटेचा भुगा, काथ्या, वाळू, आणि लागलो तिघी. दुपार टळली तेव्हा बूड असं निघालं की तोंड बघावं. मी खूश. बायांना चहा पाजला.

दोघं परत आले. दादा गाडीवरून उतरला तो तावातच होता, रस्ताभर बापलेकांचं वाजलेलं असणार.

"तुला पुरावा पायजे ना? चल. तिचं बूड बघ. गुऱ्हाळाची काहील चुलीवरून हलत नाय, तिला काजळी एकसारखी धरती. आपल्या काहिलीच्या काजळीवर लांब लांब ओरखडे हायेत, एकाच अंगाला. नदीच्या खड्यांवरनं वढल्याचे. बोट फिरव, मंग बोल."

भाचा शेडात शिरला. मी मागं. दादा चाचपडत पुढं झाला, खाली बसला आणि त्यानं तळहात बुडावर ठेवला. फिरवला. परत फिरवला. दुसरा हात लावला.

"कुणी घासली?"

 भाचा माझ्याकडं बघायला लागला.

"मी घासली, दादा."

"कामून?"

"फोटोसाठी."

त्यानं हात झटकले, उठला आणि बाजेवर जाऊन पाठ फिरवून बसला. भाचा हळूच म्हणाला, "आत्या, लई भारी चमकली पण." त्या पोराला मी तिथंच बदडला असता.

आणि खरं सांगू? धड्यात होतं ते. दुसऱ्याच धड्यात. आधी काही पुसू नका, हलवू नका, जे आहे तसं टिपा, घाणसुद्धा टिपा. मला चित्र काढायची घाई, मी तो धडा पुढं सरकवला होता. साठ वर्षांपूर्वीची नदी त्या काजळीवर होती आणि मी ती विटेच्या भुग्यानं काढून नालीत सोडली.

सकाळी मी दादाजवळ गेले. म्हटलं, बोलू नको, नुसतं काहिलीत बसून दाखव, कसा बसायचास. मी तुझी जागा मोजून घेते. तो मग म्हणाला, "आत कोण बसायचं? मी पाण्यात असायचो."

बघ, मी तिच्यातून पलीकडं गेलेली, आणि मला हे माहीत नाय! डोळे मिटलेले ना. काहिलीच्या काठाला दोन कड्या, त्यांना दोघं पोहणारे, पोटाला सुके भोपळे बांधलेले. एक कडी दादाची, दुसरी त्याच्या मित्राची, तो केव्हाच गेला. एकट्यानं ढकलली की काहील गरागरा फिरते, म्हणून दोघांनी एका दमात पाय मारायचे. माणसं मधोमध नाय, गोल करून कडेला, पाठीला पाठ नाय, तोंडं आत. दादा अंगणात उभ्या उभ्या पाय मारून दाखवायला लागला आणि मी भराभर लिहीत होते. भाचा दाराशी टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आबा, तोंडानं काय कुणीबी सांगल. शेततळं भरलंय. पाण्यावर दाखवा, मी होडी लिहितो पाटीवर. तुमचं नावबी लिहितो."

"दाखवतो," दादा म्हणाला. "कडी मी धरणार."

घरी परतले, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाय. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद, काठ निसरडा, पाणी थंडगार, आणि ह्याचं वय हे. त्याला म्हटलं तू काठावरून सांग, दुसरं कुणी उतरल. "कोण उतरल?" म्हणतो. भाच्याला पोहता येत नाय. नदीला पाणीच राहिलं नाय, तर पोरं शिकणार कुठं? टोपीवाल्या बाईंना मी सगळं खरं लिहून पाठवलं, घासल्याचंही. तिचं उत्तर आलं, की आधी तेच लिहा, काय होतं, काय गेलं, कुणाच्या हातून गेलं, मग बाकीचं. लिहिलं मी. तीन ओळी लिहायला अख्खी सकाळ लागली.

म्हणून म्हणते, लासूरला ये. तू आणि ती तुझी मैत्रीण, पुण्यात दोघी रोज तलावात पोहता ना? दोन कड्या, दोघी. दोरी भाचा धरल, ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणून ठेवते, दादा काठावर खुर्ची टाकून ओरडायला मोकळा. काहिलीत मी बसते, फीत घेऊन. तुम्ही याल असं कळलं तर तो थांबल. नाहीतर रोज सकाळी तळ्याकडं जाऊन पाण्यात हात घालून बघतोय म्हणे, किती गार आहे ते. संक्रांत जवळ आली गं. सुट्टी मिळत नसली तर आजी आजारी आहे म्हणून सांग, पण ह्या रविवारीच ये.