खिडकीतले काका आणि आमची कॅसेट

इथे परदेशात, आमच्या शॉमबर्ग गावच्या लायब्ररीत ते काका रोज खिडकीशी बसलेले दिसायचे. डोळे पूर्ण गेलेले. मांडीवर अंधांसाठीचा कॅसेट प्लेअर, कानाला हेडफोन, आणि एखादं वाक्य आवडलं की खुर्चीच्या हातावर बोटांनी हलकाच ठेका. इंग्रजी पुस्तकं लायब्ररी पुरवायची. मराठीसाठी आमच्या इथल्या मराठी मंडळाने पुढाकार घेतला आणि एक कादंबरी वाचून रेकॉर्ड केली. मी अध्यक्ष, त्यामुळे पहिली कॅसेट मीच लायब्ररीत दिली.

पुढच्या शनिवारी त्यांच्या शेजारी बसून विचारलं, "काका, कशी वाटली मराठी कॅसेट?"

"अध्यक्ष ना तुम्ही? आवाज पाठ झालाय. एका बाजूला तुमचं भाषण, दुसऱ्या बाजूला आभार. दीपप्रज्वलनही ऐकलं. ते बरं केलंत, मला एरवी काही दिसत नाही."

मी ओशाळून म्हटलं, "कादंबरी दुसऱ्या कॅसेटपासून सुरू होते."

त्यांनी पिशवी चाचपून तीच कादंबरी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "पहिलं पान तेवढं वाचता?" बोटं ठेका धरायला तयार होती.

वाचायला हवं होतं. पण मला मीटिंग होती. दुसऱ्या कॅसेटच्या उद्घाटनाला कोण कोण बोलणार, ते ठरवायचं होतं.