सगळ्यांच्या आधी

विद्यार्थी तिला पाठीमागे ‘पणबाई’ म्हणत. कायद्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, पण बाईंनी कधी कुणाला सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ! “मुद्दा बरोबर आहे, पण...” आणि तास संपायचा. घरी नवरा हात जोडायचा. “अगं, खिडकी उघडू की नको, एवढंच विचारलंय. दोन्ही बाजू कशाला मांडतेस?”

तिची पुस्तकं मात्र देशोदेशी वाचली जात. त्यांच्याच जोरावर ती आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाली. तिथला रिवाज भलताच खट. मत द्यायच्या वेळी सर्वांत नव्याने आधी बोलायचं आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी, म्हणजे धाकट्यांनी थोरांच्या तोंडाकडे बघून माना डोलवायला नकोत. आणि पंधरा जणांत सर्वांत नवं कोण? हीच!

खटला होता एका नदीचा. दोन देशांची सीमा म्हणजे ती नदी. पुरात तिने पात्र बदललं आणि चारशे वस्तीचं एक गाव पलीकडच्या काठाला गेलं. नदीबरोबर सीमाही सरकली असं ठरलं, तर ती माणसं आपल्याच घरात परकी होणार होती. गावच्या मास्तरांचा जबाब बाईंना पाठ झाला होता. ‘आम्ही कुठेच गेलो नाही. आम्ही कुणाचे, तेवढं सांगा.’

मताच्या दिवशी ती साठ पानांचं टिपण घेऊन बसली. तीस पानं या बाजूने, तीस त्या. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “टिपण सगळ्यांनी वाचलंय, बाई. सीमा सरकली का? हो की नाही?”

मेला तो ‘पण’ अगदी ओठांवर येऊन बसला होता. तिने तो गिळला.

“नाही,” ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली, “नाही. सरकली नाही.”

पुढचे तिघे ओळीने “हो” म्हणाले. झालं, आपण एकट्याच पडलो, असं तिला वाटलं. मग कुणी नाही, कुणी हो. पाळी अध्यक्षांपर्यंत आली तेव्हा सात विरुद्ध सात. त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत घातला. तेवढ्यात हिचा जीव अर्धा झाला.

“नाही,” अध्यक्ष म्हणाले.

गाव होतं तिथेच राहिलं. सगळे निघून गेले तरी ती खुर्चीतच बसून होती.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. “काय झालं खटल्याचं?”

“निकाल जाहीर होईपर्यंत सांगता येत नाही रे.”

“बरं. तू कशी आहेस?”

“मी उत्तर दिलं,” ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. “हो की नाही विचारलं, आणि मी सांगून टाकलं!”