चार पाहुण्यांचा तर्जुमा

“हा जासूस आहे. वहीत काय लिहिलंय तेवढं सांग,” अमीनसाहेब म्हणाले आणि मोडीतली जाड वही माझ्यापुढं टाकली. अमीन म्हणजे निजामी अमलातला फौजदार. मी ठाण्यात तर्जुम्याचा कारकून होतो. मराठी कागद उर्दूत करून देणं हे माझं काम.

वहीचा मालक समोर बाकावर बसला होता. नळदुर्गच्या किल्ल्यात पावलं मोजताना शिपायांनी त्याला धरलं होतं. सोलापूरकडून आलेला प्रवासवर्णनकार आहे म्हणे. त्या नावाच्या लेखकाची दोन पुस्तकं मी वाचली होती, पण नाव काय, कुणीही सांगेल. साहेब बाहेर गेल्यावर मी विचारलं, “कोकणच्या पुस्तकात तुमची होडी उलटते. काय गेलं?”

“चष्मा. वही डोक्यावर धरली होती.”

उत्तर बरोबर होतं. तरी वाचताना माझा संशय वाढतच गेला. दरवाज्यावर पहारेकरी किती, त्यातला दुपारी झोपतो कोण, पाणी कुठल्या विहिरीला. त्याची पुस्तकं अशा बारकाव्यांमुळंच हातोहात खपायची. ठाण्यात मात्र तेच बारकावे रिपोर्टसारखे दिसत होते.

मग ते पान आलं. सास्तूरजवळ एका व्यापाऱ्याकडं तो जेवला होता. ‘माडीवर चार पाहुणे. पायांना फोड. दार दिवसाही बंद. मालकीण ताटं वर नेते. विचारलं तर हसते.’

माझा टाक थांबला. निजामाविरुद्ध लढणारी पोरं तेव्हा सरहद्दीपलीकडून चालत यायची. साहेबांना एक ओळ पुरली असती.

“हे कशाला लिहिलं?” मी हळूच विचारलं.

“दिसलं ते लिहितो. का? कोण होते ते?”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं की सोंग होतं, मला आजही सांगता येणार नाही. साहेबांना हे कळलं तर त्या घराची झडती होईल, एवढंच मी म्हणालो.

“मग फाडा ते पान,” तो म्हणाला.

“पानोपानी ठाण्याचा शिक्का बसलाय.”

मी उर्दूत लिहिलं : माडीवर देवीचे चार रोगी, अंगभर फोड, म्हणून दार बंद.

साहेबांनी दोनदा वाचलं. “देवीच्या घरात हा जेवला?”

“परका माणूस, साहेब. जेवल्यावर कळलं असंल.”

त्यांची खात्री पटली नाही. मग कामासाठी आलेल्या एका पटवाऱ्याला त्यांनी आत बोलावलं. गावच्या जमिनीचं दप्तर सांभाळणारा म्हातारा. त्याचा जन्म मोडी वाचण्यात गेलेला. त्याला माझा तर्जुमा ऐकवला आणि वही हातात दिली. तो ओळीखाली बोट फिरवू लागला. बोट एका जागी थांबलं. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“व्हय साहेब, बराबर हाय,” तो म्हणाला. “लई वंगाळ रोग. तिकडं शिपाई धाडू नगा.”

झडती झाली नाही. वही जप्त झाली आणि लेखकाला सरहद्दीपार नेऊन सोडलं. निजामाचा अंमल गेल्यावर त्याचं पुस्तक आलं, सगळं आठवणीतून लिहिलेलं. किल्ल्यावर तीन प्रकरणं होती. सास्तूरच्या जेवणावर एक ओळही नव्हती.

पटवारी मला नंतर कितीदा तरी भेटला. तो कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. एवढं शिकलो की तर्जुमा तपासायला कुणी बसला, तर आधी त्याचा चेहरा वाचावा.