बरणीला ऊब

संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातून पहिली गेली ती आईची लोणच्याची मोठी बरणी. बाबांनी ती बिअरसाठी पळवली. आई थोडी बडबडली आणि नेहमीप्रमाणे कामाला लागली.

बाबा संस्थानच्या फौजेत हवालदार. लढाईत इटलीला गेले असताना एका गोऱ्या शिपायाकडून ते बिअर करायला शिकले होते. दर हिवाळ्यात पलटणीतल्या चौघा दोस्तांसाठी करायचे. जवाला मोड आणून वाळवायचे, कडूपणाला काडेचिराईत घालायचे आणि नया बाजारातल्या पावरोटीवाल्याकडून खमीर आणायचे. आता ती फौज मोडून माणसं निवडून भारताच्या फौजेत घेत होते. चौघे निवडले गेले. बाबांना डॉक्टरांनी नापास केलं. दोस्त दूरच्या छावण्यांत जाणार, त्याआधी रविवारी आमच्याकडे शेवटची बैठक ठरली. बाबांकडे त्यांना द्यायला दुसरं होतं काय?

पण होळी उलटून गेली होती, आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा कुणासाठी थांबत नाही. बाबांनी जिन्याखाली ओल्या वाळूत बरणी पुरली, भोवती तरट गुंडाळलं. तरट भिजवायचं काम माझं. येता-जाता ते बरणीला तळहात लावायचे, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. "थंडच राहिली पाहिजे," एवढंच म्हणायचे. खमीर गारव्यात सावकाश काम करतं आणि उबेत माजतं, हे त्या माणसाने बायकोला एकदा सांगितलं असतं तर! पण आमच्याकडे पुरुषांनी हुकूम द्यायचा, कारण सांगायचं नाही.

बाबा फौजेचं सामान परत जमा करायला मुरारच्या छावणीत गेले आणि रात्री तिकडेच राहिले. त्याच संध्याकाळी गारा पडल्या, हवा एकदम गार झाली. आईने बरणीला कान लावला. बुडबुडे थांबल्यासारखे वाटले. दही असो की आंबील, गारठ्यात आंबत नसेल तर ऊब द्यायची, हे तिला पक्कं ठाऊक. तिने बरणी उपसून चुलीशेजारी ठेवली आणि बाबांची गोधडी तिच्याभोवती लपेटली.

"अहो, बघा तरी, कशी फसफसून वर आलीय!" दुसऱ्या दिवशी तिने त्यांना दारातच सांगितलं.

बाबांनी गोधडीत हात घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"छान केलंस," ते म्हणाले.

बिअरला पॉलिशच्या स्पिरिटसारखा वास सुटला. नवी करायला वेळ नव्हता. पूर्वी एखादी खेप जरा बिघडली की चौघे घर डोक्यावर घ्यायचे. "अबे, आम्हाला काय घोडे समजतोस का बे?" म्हणून शिव्या घालायचे, आणि बाबा त्याहून मोठी शिवी परत करायचे. त्या रविवारी चौघांनी मुकाट्याने पेले रिकामे केले.

"वा हवालदारसाहेब, एकदम बढिया बनलीय," एकजण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसरा पेला कुणी मागितला नाही. हात जोडून निरोप घेऊन ते गेले.

"आवडली ना त्यांना?" आईने विचारलं.

बाबा पेले गोळा करत होते. "एकानेही शिवी घातली नाही गं," ते म्हणाले.

आई समाधानाने हसली. मी बाबांच्या हातातले पेले घेतले आणि मोरीत बसून पोटभर रडले.